टेप त्यांची, घर आपलं

मोहल्ल्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर अधूनमधून एक निरोप फिरतो : "टॅक्सवाले आलेत, दारं लावून घ्या." दहा मिनिटांत गल्ली सामसूम होते. कुणी वरच्या मजल्याच्या जिन्याला कुलूप घालतं, कुणी शिलाई मशीनवर चादर टाकतं, कुणी पोराला दारात उभं करून "घरात कुणी नाही" असं सांगायला लावतं. टॅक्सवाला पुढच्या गल्लीत गेला की सगळ्यांना वाटतं, वाचलो.

कसले वाचलो? तो माणूस रिकाम्या हाताने परत गेलेला नसतो. त्याच्या तक्त्यात तुमच्या घराच्या नंबरासमोर रकाने आहेत आणि ते त्याला संध्याकाळपर्यंत भरायचे आहेत. दार बंद दिसलं म्हणून तो बाहेरून माप घेतो, शेजाऱ्याला दोन प्रश्न विचारतो, उरलेलं अंदाजाने लिहितो. तुमच्या घराबद्दल तुमच्या गैरहजेरीत लिहिलेला तो अंदाज काही महिन्यांनी बिल होऊन दारात येतो. मग आपण ओरडतो की अन्याय झाला. अन्याय झालेला असतोही. पण तो बिल छापलं त्या दिवशी झालेला नसतो, माप घेतलं त्या दिवशी झालेला असतो.

घरपट्टी हा विषय तरुणांना कंटाळवाणा वाटतो. तो अब्बांचा, चाचांचा विषय. आपण नागरिकत्वावर बोलतो, संविधानावर बोलतो, प्रतिनिधित्वावर बोलतो. बोलायलाच हवं. पण सरकार नावाची गोष्ट टेप घेऊन प्रत्यक्ष आपल्या घरात शिरते, तेव्हा आपण मोरीत लपतो. हे बदललं पाहिजे. घराची पाहणी हा कर ठरण्याचा पाया आहे. त्या पाहणीत आपली बाजू कागदावर चढली नाही, तर नंतर कितीही मोर्चे काढले तरी रक्कम फारशी हलत नाही.

एवढी मोजणी आत्ताच का?

काहींना वाटतं, मोजणी मुद्दाम आपल्याच वस्तीत चालली आहे. एखाद्या शहरात तसं होतही असेल आणि तिथे ते पुराव्यानिशी मांडावं. पण मोजणीचा हा जोर राज्यभर आहे आणि त्याचं कारण पालिकांच्या तिजोरीत आहे.

एकेकाळी महाराष्ट्रातल्या महापालिका जकातीवर चालत. जकातीच्या जागी स्थानिक संस्था कर आला. १ ऑगस्ट २०१५ पासून तो बहुतेक व्यापाऱ्यांसाठी रद्द झाला. मुंबईची जकात १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर गेली. त्या बदल्यात राज्य सरकार भरपाईची रक्कम देतं, पण ती दुसऱ्याच्या हातातली. पालिकेला स्वतः लावता येईल आणि स्वतः वसूल करता येईल असा मोठा कर आता एकच उरला : मालमत्ता कर. त्यात पंधराव्या वित्त आयोगाने शहरांच्या अनुदानाला अट जोडली. राज्यांनी मालमत्ता कराचे किमान दर जाहीर करावेत आणि या कराची वसुली राज्याच्या अर्थव्यवस्थेच्या वाढीबरोबर वाढत राहावी, अशी ती अट.

वसुली वाढवायची तर दोनच रस्ते. दर वाढवायचा किंवा मोजलेली घरं आणि मोजलेली जागा वाढवायची. दर वाढवला की बोंब होते, निवडणुकीत मतं जातात. जागा वाढवली तर कुणाला कळत नाही, कारण प्रत्येकाचं बिल वेगळं असतं आणि प्रत्येकजण एकटाच कुरकुरतो. म्हणून सर्वेक्षणाची कामं खासगी एजन्सींना गेली, ड्रोन उडाले, उपग्रहाच्या नकाशावर घरं टिपली गेली, दारावर क्यूआर कोडच्या पाट्या बसल्या.

ड्रोनला छत दिसतं. छताखाली काय आहे ते दिसत नाही. पत्र्याखाली स्वयंपाक होतो की दुकान चालतं, ती खोली २५ वर्षांपूर्वीची की गेल्या वर्षीची, आत राहतो तो भाडेकरू की धाकटा भाऊ, हे कोणत्याही नकाशात नसतं. त्यासाठी माणसाला दारात यावंच लागतं. दारात काय घडतं यावर सगळं अवलंबून आहे.

मापाचं बिल कसं होतं

आपल्याकडे हा कर ठरवण्याच्या मुख्य पद्धती दोन. जुनी पद्धत करयोग्य मूल्याची : हे घर भाड्याने दिलं तर वर्षाला वाजवी भाडं किती येईल ते ठरवायचं, त्यातून दुरुस्तीसाठी १० टक्के वजा करायचे आणि उरलेल्या रकमेवर कराची टक्केवारी लावायची. दुसरी पद्धत भांडवली मूल्याची : रेडी रेकनरमधल्या दरावरून घराची किंमत काढायची आणि तिच्यावर कर लावायचा. मुंबईत २०१० पासून ही दुसरी पद्धत आहे, ग्रामपंचायतींनाही २०१५ पासून तीच लागू झाली.

पद्धत कोणतीही असो, तक्त्यातले महत्त्वाचे रकाने सारखेच असतात. क्षेत्रफळ किती. बांधकाम कसलं : आरसीसी, विटांचं, कौलारू की पत्र्याचं. बांधलं कधी. वापर कसला : राहण्याचा, धंद्याचा की कारखान्याचा. करयोग्य मूल्याच्या पद्धतीत आणखी एक रकाना निर्णायक ठरतो : राहतं कोण, मालक की भाडेकरू. या चार-पाच उत्तरांवर बिल उभं राहतं.

आकडे घालून पाहू. हे दर मी समजण्यासाठी घेतले आहेत, तुमच्या पालिकेचे वेगळे असतील. समजा घर ५० चौरस मीटर, दर महिना चौरस मीटरला ३० रुपये. महिन्याचं भाडं १,५०० रुपये, वर्षाचं १८,०००. १० टक्के वजा जाता करयोग्य मूल्य १६,२००. सगळे कर मिळून ४० टक्के धरले तर वर्षाचं बिल ६,४८० रुपये.

आता पाहणी करणाऱ्याने बाहेरच्या भिंतीवरून माप घेतलं, जिना आणि पुढची पडवी घरात धरली आणि ६० चौरस मीटर लिहिलं. बिल होतं ७,७७६ रुपये. एका हलक्या रेघेने वर्षाला १,२९६ रुपये वाढले.

किंवा क्षेत्रफळ बरोबर लिहिलं, पण पुढच्या १० चौरस मीटरच्या खोलीत मशीन दिसलं म्हणून ती खोली धंद्याची ठरवली आणि तिला तिप्पट दर लावला. बिल ९,०७२ रुपये. म्हणजे २,५९२ रुपये जास्त, आणि हे दर वर्षी, पुढची फेरआकारणी होईपर्यंत. नगरपरिषदांमध्ये फेरआकारणी चार वर्षांनी होते. चार वर्षांत १०,३६८ रुपये गेले. एका मुलीची कॉलेजची फी यात निघाली असती.

मुंबईत हा फरक आणखी टोकाचा आहे. तिथे जानेवारी २०२२ मध्ये ५०० चौरस फुटांपर्यंतच्या, म्हणजे ४६.४५ चौरस मीटरपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ झाला. ४९५ फूट लिहिलं तर माफी, ५०५ लिहिलं तर कर. दहा फूट म्हणजे एक छोटा पोटमाळा किंवा एक बंद केलेली गॅलरी.

पुण्यात स्वतः राहत असलेल्या घराला ४० टक्के सवलत अनेक दशकं होती. मध्ये ती काढली गेली, २०२३ मध्ये परत आली, पण ज्यांची गेली होती त्यांना पीटी-३ नावाचा फॉर्म आणि पुरावे देऊन ती मागून घ्यावी लागली. पाहणीत "भाडेकरू" असा शेरा पडलेल्या माणसाला आपल्याच घरात आपण राहतो हे सिद्ध करावं लागलं.

पाहणी किती निर्णायक असते ते सर्वोच्च न्यायालयानेही एका अर्थाने सांगून ठेवलं आहे. मुंबई महापालिकेने भांडवली मूल्य काढताना जागेवर पुढे किती बांधता येईल याचाही हिशोब धरणारे नियम केले होते. उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ते रद्द केले आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. मालमत्ता आज जशी आहे तशीच तिची किंमत धरायची, उद्या काय होऊ शकेल त्याची नाही. म्हणजे "आज जशी आहे तशी" हे ठरवणारी पाहणी नीट होणं हा आपला हक्कच आहे.

आपल्या गल्लीत माप कुठे चुकतं

दाट वस्तीतलं घर पुस्तकातल्या घरासारखं नसतं. एकाच दाराच्या आत तीन भावांचे तीन संसार असतात. चुली वेगळ्या, मीटर कधी एक तर कधी तीन. पाहणी करणारा विचारतो, "वर कोण राहतं?" कुणीतरी बोलून जातं, "दुसरे लोक राहतात." लिहिलं गेलं : भाडेकरू. वेगळी चूल म्हणजे भाडं नव्हे, भावाकडून भाडं घेत नाहीत, हे त्या रकान्यात मावत नाही. ते आपण मुद्दाम सांगावं लागतं आणि सांगितलेलं लिहिलं गेलं का ते पाहावं लागतं.

दुसरी जागा कामाची. मालेगाव, भिवंडीत घर आणि यंत्रमाग कित्येकदा एकाच छताखाली असतात. खाली माग, वर माणसं. किती जागा मागांची, किती राहण्याची, ही रेघ कुठे मारली यावर बिल दुप्पट होऊ शकतं. खालच्या मजल्याबरोबर वरच्या मजल्यालाही औद्योगिक म्हणून टाकलं, तर झोपायच्या खोलीला कारखान्याचा दर लागला. उलट, बंद पडलेले माग भंगारात गेले आणि तिथे आता मुलं अभ्यास करतात, तरी जुनी नोंद तशीच राहते. इतर शहरांत हेच शिवणकाम, जरीकाम, बेकरीचा माल, शिकवणी यांच्याबाबत घडतं. घरात दोन बायका शिवण करतात म्हणून ते घर दुकान होतं का, याचं उत्तर पाहणी करणाऱ्याच्या मर्जीवर सोडता येणार नाही.

तिसरी जागा बांधकामाच्या वर्षाची. घर जुनं असेल तर मूल्य कमी धरलं जातं. पण नवा रंग लावलेला दिसला की जुनं घर नवं ठरतं. शिवाय या वर्षाला कराच्या पलीकडेही वजन आहे. गुंठेवारीच्या कायद्यात आधी १ जानेवारी २००१ ही तारीख महत्त्वाची होती, २०२१ च्या दुरुस्तीने ती ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे आली. झोपडपट्टी पुनर्वसनात १ जानेवारी २००० आणि १ जानेवारी २०११ या तारखांवर माणसाला घर मिळणार की नाही हे ठरतं. नोटरीवर घेतलेल्या प्लॉटवर राहणाऱ्या कुटुंबाकडे त्या तारखेआधी आपण इथे होतो हे दाखवायला काय असतं? वीजबिल, मतदारयादी आणि घरपट्टीची पावती. कर भरल्याची पावती हा मालकीचा पुरावा नाही, हे न्यायालयांनी पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. पण अमुक वर्षी इथे घर उभं होतं आणि त्यात अमुक माणूस राहत होता, याची ती सरकारी नोंद आहे. बुलडोझरच्या काळात ही लहान गोष्ट नाही.

चौथी जागा नावाची. कर्ताकरविता दादा जाऊन वीस वर्षं झाली, बिल अजून त्यांच्या नावाने येतं. नोटीसही त्यांच्याच नावाने. मेलेल्या माणसाला सुनावणीला बोलावलं जातं आणि जिवंत माणसं "आपलं नाव नाही" म्हणून जात नाहीत.

शास्तीचं ओझं

परवानगी न घेता बांधलेल्या घराला महापालिका कायद्याच्या कलम २६७-अ नुसार कराच्या दुप्पट शास्ती लावता येते. म्हणजे कर एक पट, दंड दोन पट, आणि तोही दर वर्षी. याच कलमात लिहिलं आहे की हा दंड भरला म्हणून बांधकाम नियमित होत नाही. तिप्पट पैसे भरा आणि बेकायदाच राहा. हा कसला न्याय, असा प्रश्न राजकीय पातळीवर लोकांनी विचारला, तेव्हा काही शहरांत सवलती आल्या. पिंपरी-चिंचवडमध्ये वर्षानुवर्षं आंदोलनं झाल्यावर २०२३ मध्ये शास्ती माफ झाली. तिथल्या लोकांनी दारं लावून घेतली नव्हती. त्यांनी हा निवडणुकीचा मुद्दा केला होता.

आपल्या वस्त्यांमध्ये परवानगी नसलेली घरं का जास्त, हेही मोठ्याने सांगितलं पाहिजे. चांगल्या सोसायटीत आडनाव ऐकून घर नाकारलं जातं, बँका नोटरीच्या प्लॉटवर कर्ज देत नाहीत, विकास आराखड्यात वस्तीला रस्ता मिळत नाही. माणूस मग जिथे जागा मिळेल तिथे, जशी मिळेल तशी घेतो. त्याला दंड लावताना शहराने स्वतःच्या हिशोबाची वहीही उघडावी.

दारं लावणाऱ्यांना दोन शब्द

पालिकेला बोलून झालं, आता घरच्यांना. "सेटिंग झालंय, काळजी नको" असं म्हणणारा एक माणूस प्रत्येक मोहल्ल्यात असतो. तो पाहणी करणाऱ्याला चहा पाजतो, काही रुपये घेतो, वरचा मजला कागदावरून गायब करतो. लोक त्याला उपकारकर्ता मानतात.

त्याने केलं काय? तुमचा मजला लपवला म्हणजे तुमच्या मजल्याचा पुरावाही पुसला. उद्या रस्तारुंदीत घर गेलं तर भरपाई कागदावरच्या घराची मागितली जाईल, लपवलेल्या मजल्याची कशी मागणार? पुढच्या सर्वेक्षणात ड्रोनने मजला टिपला की मागची थकबाकीही अंगावर येऊ शकते. थकबाकीवर महिन्याला २ टक्के शास्ती चढते, म्हणजे वर्षाला २४ टक्के. इतक्या चढ्या दराने कर्ज घ्यायला आपण तयार होणार नाही, पण थकबाकी ठेवताना मात्र कुणी हिशोब करत नाही. पैसे घेणारा मध्यस्थ त्या दिवशी फोन उचलणार नाही.

शिवाय लपवलेल्या मजल्याचा भार हवेत विरत नाही. ज्या विधवेने खरं माप दिलं, ज्या मास्तरांनी वेळेवर बिल भरलं, त्यांच्या वाट्याला तो येतो. शेजाऱ्याच्या खिशातून आपली घरपट्टी भरणं याला हुशारी म्हणत नाहीत.

"गटार तुंबलंय, पाणी तीन दिवसांनी येतं, मग कर कशाला?" हा सवाल रास्त आहे, पण त्याचं उत्तर थकबाकी हे नाही. थकबाकीदाराच्या सवालाला अधिकारी एका वाक्यात गप्प करतो : "आधी भरा, मग बोला." भरलेल्या पावतीला तो असं म्हणू शकत नाही. महात्मा फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. व्हाइसरॉय लिटनच्या स्वागतावर हजार रुपये उधळण्याला त्यांनी सभेत विरोध केला आणि तो पैसा गरिबांच्या शिक्षणाला लावा म्हणाले. लोकांचा पैसा कुठे जातो हे विचारण्याची ती परंपरा आपलीही आहे.

"इथे कुणी टॅक्सच भरत नाही"

आपल्या वस्त्यांबद्दल हे वाक्य किती सहज फेकलं जातं! चहाच्या टपरीवर, टीव्हीवर, कधी थेट पालिकेच्या सभागृहात. त्याला चिडून उत्तर देऊ नका, आकड्यांनी द्या. प्रत्येक पालिकेकडे प्रभागवार मागणी किती आणि वसुली किती याचा तक्ता असतो. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ नुसार अशी माहिती पालिकेने स्वतःहून प्रसिद्ध केली पाहिजे. नसेल केली, तर दहा रुपयांचा अर्ज पुरतो. पाच वर्षांचे तक्ते मागवा. त्याच प्रभागात रस्ते, गटारं, शाळा यांवर खर्च किती झाला तेही मागवा. दोन्ही तक्ते शेजारी ठेवा.

त्यात आपली वसुली कमी दिसली, तर तेही लपवू नका. माप चुकीचं म्हणून बिल थकलं की बिल मिळालंच नाही म्हणून थकलं, याचा शोध घ्या. आणि वसुली चांगली दिसली, खर्च मात्र तुटपुंजा दिसला, तर पुढच्या पत्रकार परिषदेत तुम्हाला आवाज चढवावा लागणार नाही.

दार उघडते ती बाई

पाहणी दिवसा होते. पुरुष कामावर असतात. दार उघडते ती अम्मी, भाभी किंवा बहीण. म्हणजे घराचा कर ठरवणारी उत्तरं बहुतेक वेळा बाईच देते आणि तिला या विषयातलं काही कुणी सांगितलेलं नसतं. "वर कोण?" "मशीन कुणाची?" "घर कधी बांधलं?" ती घाबरून काहीतरी बोलते, कोऱ्या किंवा अर्धवट भरलेल्या कागदावर सही करते. संध्याकाळी घरचे तिलाच बोल लावतात.

महापालिका कायद्याने पाहणीसाठी येणाऱ्यांवर मर्यादा घातल्या आहेत. सूर्योदय ते सूर्यास्त या वेळेतच यायचं, राहत्या घरात शिरण्याआधी संमती घ्यायची किंवा रीतसर सूचना द्यायची, स्त्रियांना आडोशाला जाण्यासाठी पुरेसा वेळ द्यायचा, घरातल्यांच्या सामाजिक आणि धार्मिक चालीरीतींची बूज राखायची. तेव्हा पडद्याची सबब सांगून दार लावायची गरज नाही आणि कुणी बळजबरीने आत घुसत असेल तर ते सहन करायचीही गरज नाही. "ओळखपत्र दाखवा, अमुक वेळी या, तेव्हा घरचे असतील" असं म्हणण्याचा तिला पूर्ण हक्क आहे. हे तिला माहीत असलं पाहिजे. मोहल्ला सभेत हा विषय घेताना बायकांना मागच्या रांगेत बसवून चालणार नाही. दार त्याच उघडतात.

पालिकेकडे काय मागायचं

पालिका म्हणते, "चूक असेल तर हरकत घ्या, सुनावणी आहेच." ऐकायला बरं वाटतं. प्रत्यक्षात काय होतं? आकारणी वाढली की घरमालकाला लेखी नोटीस मिळायला हवी, पण ती मेलेल्या दादांच्या नावाने निघते किंवा कोपऱ्यावरच्या दुकानात टाकून दिली जाते. हरकतीची मुदत मोजक्या दिवसांची. नोटिशीत नवी रक्कम असते, ती कोणत्या मापावरून आली ते नसतं. ज्याला माप माहीत नाही तो हरकत कशावर घेणार? सुनावणीत अधिकारी विचारतो, "तुमच्या मते किती?" माणूस गोंधळतो आणि फाईल बंद होते. त्यानंतर न्यायालयात अपील करायचं, तर वादातली रक्कम आधी भरावी लागते. रोजंदारीवरच्या माणसासाठी तो रस्ता तिथेच संपतो.

म्हणून सुनावणी सुधारण्याआधी पाहणी सुधारा, ही आपली पहिली मागणी. पाहणी संपल्यावर तिथल्या तिथे भरलेल्या तक्त्याची प्रत घरात द्या, खोलीवार मापांसह आणि हाती काढलेल्या कच्च्या नकाशासह. एजन्सीच्या माणसाचं नाव आणि सही त्यावर असू द्या. घर बंद असेल तर अंदाज लिहू नका, दुसऱ्या भेटीची तारीख दारावर लावा. जिना, गच्ची, पोटमाळा, घरगुती काम यांचं काय धरायचं याचे तुमचे नियम सोप्या मराठीत, आणि जिथे लोक उर्दू वाचतात तिथे उर्दूतही, प्रभाग कार्यालयाच्या भिंतीवर लावा. नोटीस आजच्या रहिवाशाच्या हातात द्या. हरकतींची सुनावणी वस्तीत येऊन घ्या. सर्वेक्षणाच्या एजन्सीला सापडलेल्या वाढीव जागेच्या हिशोबाने पैसे मिळत असतील, तर तो करार जाहीर करा, कारण जास्त मोजण्यात ज्याचा फायदा आहे त्याच्या हातात टेप देणं हा उघड दोष आहे.

यातल्या बहुतेक मागण्यांना नवा कायदा लागत नाही आणि मोठा खर्चही नाही. आयुक्तांचं एक परिपत्रक पुरतं. अनेक महापालिकांमध्ये २०२२ नंतर वर्षानुवर्षं नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते, तेव्हा हे विचारायला सभागृहच नव्हतं. आता मतं मागायला येणाऱ्या प्रत्येकाला हे विचारा.

आणि आपण काय करायचं

टेप बाजारात शंभर-दीडशे रुपयांना मिळते. प्रत्येक गल्लीतल्या दोन मुलांनी आणि दोन मुलींनी पाहणीच्या आधीच घरं मोजून ठेवायची. खोलीची लांबी, रुंदी, वापर, साधारण बांधकामाचं वर्ष, राहणाऱ्यांची नावं आणि नाती. एक वही. कुणाचं घर किती मोठं यावर गप्पा नाहीत, ती वही घरच्यांचीच. सोबत जुन्या पावत्यांचे फोटो आणि आकारणीचा उतारा. गावाकडे असाल तर ग्रामपंचायतीतून नमुना ८ चा उतारा काढा, त्यात तुमच्या घराची नोंद कशी आहे ते एकदा वाचा.

दादांच्या नावाची नोंद वारसांच्या नावावर करायचा अर्ज याच महिन्यात टाका, आणि त्यात बहिणींची नावं गाळू नका. त्यांचा हिस्सा कागदावर येऊ द्या.

पाहणीच्या दिवशी दार उघडं ठेवा. ओळखपत्र पाहा, टेपचं दुसरं टोक आपण धरा, प्रत्येक माप मोठ्याने बोला आणि वहीत लिहा. मजला असेल तर दाखवा, भाडेकरू असेल तर सांगा, नसेल तर नाही हे लिहून घ्या. कोऱ्या कागदावर सही नाही. पटलं नाही तर सहीबरोबर "क्षेत्रफळ मान्य नाही" एवढे तीन शब्द लिहा आणि फोटो काढा. नोटीस आली की तिच्यावरची शेवटची तारीख आधी वाचा, हरकत लेखी द्या, पोच घ्या. दहा घरांची चूक एकाच प्रकारची असेल तर दहा हरकती एकाच दिवशी द्या. एकट्याची कुरकुर फाईलखाली दबते, दहा सारखे अर्ज टेबलावर दिसतात.

यात वीररस नाही, हे मान्य. टेप धरून कुणी नेता होत नाही. पण ज्या वस्तीला आपल्या घरांची मापं तोंडपाठ आहेत, जिच्याकडे पावत्या आहेत आणि जी हरकतीची तारीख चुकवत नाही, तिच्याशी अधिकारी वेगळ्या आवाजात बोलतो. पुढच्या वेळी ग्रुपवर निरोप टाकाल तेव्हा दोनच शब्द बदला : "टॅक्सवाले आलेत. वही काढा."